मंदाताईंना मी तपासलंच नाही

अमरावती, मंगळवार संध्याकाळ

आज दवाखान्यात मी चुकलो. मंदाताई नांदगाव खंडेश्वरहून एसटीने आल्या होत्या. तिथल्या शाळेत शिपाई आहेत. सारखा थकवा येतो, वजन वाढतंय म्हणाल्या आणि मोबाईलवरच्या एआयचं उत्तर पुढे केलं. "याच्यात सारं लिहिलं, त हा थायरॉईड सांगून राहिला."

मोबाईल दाखवणाऱ्या त्या आजच्या तिसऱ्या पेशंट. मी भडकलो. "मग गोळ्याही त्यालेच मागा!" टॉनिक लिहून दिलं आणि वाटेला लावलं. मानेला हातसुद्धा लावला नाही. वीस वर्षांची प्रॅक्टिस, आणि मान तपासली नाही! राग कशाचा होता? मोबाईलचा, की तो बरोबर असेल याचा?

दवाखाना बंद करताना राहवेना. केसपेपरवरचा नंबर लावला. "ताई, माझं चुकलं. उद्या या. मान पाहतो, रक्तही तपासू."

त्या म्हणाल्या, "साहेब, मले तुमालेच विचारायचं होतं. पण तुमी रागावता. तो रागावत नाही, म्हणून पयले त्याले विचारलं."

सकाळच्या गाडीने येते म्हणाल्या. पण माझ्या रागाला भिऊन काही न सांगता गेलेले असे किती असतील?