डाव्या कानातली गिटार

१४ नोव्हेंबर, रविवार, दुपार

प्रिय पोरी,

तुझं पत्र येऊन पाच महिने झाले आणि मी उत्तर दिलं नाही, माफ कर. कामाचा व्याप होता असं लिहिलं असतं तर खपून गेलं असतं, पण ते खरं नाही. तीनदा लिहायला बसले, तीनदा कागद फाडला. तू विचारलं होतंस ते एवढंच : ‘आत्या, तुमच्या बँडच्या रेकॉर्डवर डाव्या कानात त्यांची गिटार आहे, असं बाबा नेहमी सांगायचे. ते गेल्यापासून रोज ऐकतेय, मला ती सापडतच नाही. माझा डावा कान तपासशील का?’ बावीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या कानाची शंका यावी आणि ती फेडू शकणाऱ्या बाईनं मूग गिळून बसावं!

माझं काम तू पाहिलं आहेस. राखाडी स्पंज लावलेली छोटी खोली, काचेपलीकडे बसलेला माणूस, त्याच्या हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. काही जण मी शिट्टी दिलेली नसतानाही दाबतात. खोटं बोलत नसतात ते, ऐकू यावं ही इच्छाच तेवढी असते. तू मात्र ऐकू येत नाही तर नाही म्हणालीस. म्हणून मला तुझी भीती वाटली.

हार्डकोर पंक म्हणजे काय हे मला माझ्या आईला कधीच समजावता आलं नाही. ‘दीड मिनिटात सगळं ओरडून मोकळं व्हायचं’ म्हटलं, तर ती म्हणाली, ‘मग तुझे वडील जन्मभर तेच करतायत की.’ छापखान्याच्या तळघरात आम्ही चौघं, तुझी ही मानलेली आत्या धरून. आवाजामुळे ज्याला भोंगा म्हणायचो तो गायचा आणि बेस गिटार वाजवायचा, ड्रमवाला ड्रमवर, तुझे बाबा गिटारवर. अंगानं इतके बारीक की सगळे त्यांना सुतळीच म्हणायचे. प्रत्येकाचा आवाज चढवायच्या-उतरवायच्या खिट्या माझ्याकडे. रेकॉर्डसाठी आमच्याकडे दोनच दिवस होते. पहिल्या दिवशी सहा गाणी वाजवून झाली, टेपवर प्रत्येकाची पट्टी, म्हणजे ट्रॅक, वेगळी. सुतळीला मी डावीकडे ठेवलं होतं. संध्याकाळभर ड्रमवाल्याचं एकच पालुपद, ‘सुतळी पुढे पळतो, सगळ्याची वाट लावतो.’ दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसूतिगृहातून फोन आला आणि बाबा गिटार तशीच टाकून धावले. तुझ्यासाठी. हे तुला सांगावं की नाही, यातच एक कागद फाटला. यात तुझा दोष काडीचाही नाही.

ते गेल्यावर ड्रमवाला म्हणाला, ‘तो यायच्या आत उरकू.’ भोंग्यानं बाबांचीच गिटार गळ्यात अडकवली आणि ड्रमच्या मागे मागे जात सहाही गाण्यांतली गिटार पुन्हा वाजवली. ती मी उजवीकडे ठेवली. बाबांच्या पट्टीची खिटी मी खाली ओढली, अगदी तळापर्यंत. ‘अगं, भिंत कोसळल्यासारखा आवाज आहे, त्यात विटा कोण मोजतंय?’ भोंगा म्हणाला. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिलंय, ‘भीड पडली.’ आता वाचताना तो शब्द मला पटत नाही. मला त्या तळघरात राहायचं होतं, बस. संध्याकाळी बाबा दाढी वाढलेल्या चेहऱ्यानं हसत परत आले, तुझं वजन सांगत. आम्ही तिघांनी त्यांना मिठ्या मारल्या.

या जूनमध्ये, तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात, भोंग्याचा फोन आला. बँड नवी रेकॉर्ड काढतोय. शेवटी एक जुनं गाणं घालायचं, तुझ्या बाबांच्या आठवणीसाठी, गिटारवादक म्हणून त्यांचं नाव छापून. ‘पोरीला बरं वाटेल.’ मी विचारलं, ‘गिटार कोणाची पण?’

मी जुनी टेप काढली. बाबांची पट्टी डाव्या कानात आणि ड्रमची उजव्या कानात करून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत त्या स्पंजच्या खोलीत जाऊन बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पोरी, सुतळी कुठेही पळत नाही. समोर ठोके मोजणारा मेट्रोनोम ठेवून तपासलं. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत तोच एक वेग. मागे पडतो तो ड्रम, प्रत्येक गाण्यात. गिटार थांबल्यावर चार सेकंद फळीवर बुटाचा आवाज आहे. टक, टक, टक. सगळे मागून येऊन पोचावेत म्हणून ते मोजत थांबलेत. तेव्हापासून तो बूट मला दोन शिट्ट्यांच्या मधल्या शांततेत ऐकू येतो. परवा एका आजोबांनी काचेवर टकटक करून विचारलं, ‘बाई, संपलं का?’ मी खिटीवर बोट ठेवून नुसती मोजत बसले होते.

बाबांना माहीत होतं का? स्वतःचा हात कोणाला ओळखू येत नाही? तुला त्यांनी नेमका तोच कान दाखवला, जिथे काहीच नाही. आणि मला मात्र एकवीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. माझ्याकडे येऊन जेवत राहिले, माझी थट्टा करत राहिले. हेच मला झोंबतं. पण कदाचित हेही मी माझ्या मनानं रचत असेन, त्यांना खरंच काही ठाऊक नसेल.

तुझा कान ठणठणीत आहे, तपासायची गरज नाही. त्या रेकॉर्डवर तुझ्या बाबांचा एकही सूर नाही. नव्या रेकॉर्डवर असेल. भोंग्याची गिटार काढून मी डावीकडे त्यांची चढवली आहे. ऐकून भोंगा रडला आणि ‘हेच जाऊ दे’ म्हणाला. पुढच्या सोमवारी, बावीस तारखेला, रेकॉर्ड छापायला जाते. त्याआधी तू नको म्हणालीस तर मी थांबवेन, म्हणून आज हे पत्र. हे तुझ्यासाठी करतेय की माझं ओझं तुझ्या गळ्यात घालतेय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ड्रमवाल्याला अजून काही माहीत नाही. ‘सुतळी गुणी होता, पण पळायचा,’ असं तो, बाबांना जाऊन तेरावा महिना लागला तरी, येईल त्याला सांगत असतो.

तुझीच,
आत्या

ता. क. उद्याचं माझं काम : ड्रमवाल्याकडे जाऊन त्याला टेप ऐकवणे.