ठकुबाईंच्या हनवटीवरचे ठिपके

प्रिय पूर्वी,

तू माझे फोन उचलत नाहीस, ते बरंच आहे. उचलला असतास तर मी पुन्हा आवाज चढवला असता. मी अजून रागावलेलीच आहे, तुझ्यावरसुद्धा. फक्त कारण बदललंय. कागदावर लिहितेय, कारण कागदावर मला माझं वाक्य परत वाचावं लागतं.

ठकुबाईंच्या तेराव्याला दोन आठवडे झाले. तुमच्या खारबावच्या त्या ओसरीवरचं सगळं मी डायरीत उतरवलं होतं, काल पुन्हा वाचलं. हार घातलेला फोटो, पुढे समई. त्यांची धाकटी बहीण राहीबाई फूल वाहायला पुढे झाल्या आणि फूल हातातच राहिलं. "ही कोनाची बाय आणून लावलीस? माजी ठकू न्हाय ही." ठकुबाईंचा नातू सार्थक म्हणाला, "काय आजी तू पण! एकदम क्लीन आलाय बघ. दहा वर्षं कमी झाली तिची." राहीबाईंनी स्वतःच्या हनवटीवर बोट टेकवलं. "मंग ह्ये कुठं गेले?" हिरवे तीन ठिपके. दोघी बहिणींनी लहानपणी वज्रेश्वरीच्या जत्रेत, एकाच बाईकडून गोंदवून घेतलेले. फोटोतली हनवटी मेणासारखी गुळगुळीत. मागून कुणीतरी बोललं, "फोटोवालीनं आत्याला पावडर लावली रं," आणि माणसं हसली. तेराव्याला हसली!

तेव्हा मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. "एडिटिंग पूर्वीचं आहे. माझ्या हातून असं झालं नसतं." तू चुलतबहीण, वयाने पंधरा वर्षांनी लहान, भर माणसांत उभी. "हो ताई, माझंच चुकलं," एवढंच म्हणालीस. त्यानंतर गावातल्या दोन लग्नांचं काम तुझ्याकडून काढून घेतलं, असं तुझ्या शेजारच्या रीमाने सांगितलं. "ती माणसं पुसते," असं बोलतात म्हणे.

मी दोन आठवडे ज्याच्या-त्याच्यावर चिडत होते. आधी सॉफ्टवेअरवर. ठकुबाईंचा फोटो त्यांच्या चुलीजवळ काढलेला, उजेड एका झरोक्याचा. माझा जुना कॅमेरा अंधारात ताणला की चित्रभर रव्यासारखे दाणे टाकतो. प्रत्येक कॅमेऱ्याचे दाणे वेगळे, म्हणून तर प्रोफाइल बनवायचं: कोऱ्या, एकरंगी जागेचा फोटो घ्यायचा. तिथे काहीच नसतं, तेव्हा जे ठिपके उमटतात ते कॅमेऱ्याचे. सॉफ्टवेअर ते ओळखून ठेवतं आणि पुढे दिसतील तिथून काढून टाकतं. त्याला चेहरा कळत नाही, गोंदण कळत नाही. आणि हे विकणारे सांगतात, एका क्लिकमध्ये फोटो जिवंत! मग चिडले सार्थकवर. ज्या हनवटीखाली डोकं घालून तो लहानाचा मोठा झाला, तिच्यावरचे ठिपके गेलेले त्याला दिसू नयेत? पण फ्रेम मी स्वतः खारबावला नेली होती. दुकानात पुसली, उजेडात धरून पाहिली. मलाही दिसलं नव्हतं. हे कुठल्या तोंडाने विसरायचं?

सोमवारी भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामाचं काम आलं. कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो, गोदामातल्या मिणमिणत्या उजेडातले. तू नाहीस, म्हणून एडिटिंगला मीच बसले. तेच प्रोफाइल लावलं. रखवालदार लडकूकाकांची चार दिवसांची पांढरी दाढी गायब. तेच मेण, आणि या वेळी हात माझा.

प्रोफाइल कधी बनवलं ते बघायला डायरी काढली. चौदा जूनची नोंद आहे, जशीच्या तशी लिहिते: "नव्या प्रोफाइलसाठी शेजारच्या कारखान्यातून लूमवरून उतरलेलं कोरं कापड आणलं. भिंतीवर ताणून लावलं. फोकस तीनदा तपासला. सूत नि सूत दिसतंय." वाचताना कान तापले. यंत्रमागांच्या या भिवंडीत कोरी, एकरंगी वस्तू म्हटल्यावर दुसरं काय आठवणार मला? त्या कापडाचे उभे-आडवे धागे, त्यांच्या बारीक गाठी, सगळं सॉफ्टवेअरने कॅमेऱ्याचे दाणे म्हणून शिकून घेतलं. फोकस मुद्दाम घालवायचा असतो, म्हणजे जागेचा पोत येतच नाही, हे सूचनेत पहिल्याच ओळीत आहे. मी काटेकोर ना! तीनदा फोकस केला. तेव्हापासून त्या धाग्याएवढं जे जे बारीक असेल ते आपण माणसांच्या तोंडावरून पुसत आलोय.

आता तुझ्यावरचा राग. तू गप्प का राहिलीस? मोठ्या बहिणीचा मान? असला मान नको मला. तुझी कामं गेली, नाव गेलं, आणि तू मला साधं "ताई, थांब" म्हणाली नाहीस.

पण हे लिहिलं तेही अर्धंच खरं. तू म्हणाली होतीस. ओसरीवर नाही, त्याच्या आठ दिवस आधी, फोनवर. "ताई, आज्जीचं गोंदण पुसट होतंय गं, प्रोफाइल थोडं कमी करू का?" मी म्हणाले होते, "ते मी मोजूनमापून केलंय, त्यात हात घालू नकोस." हा फोन मला काल आठवला असं लिहायचं मनात होतं, खोडलं. पूर्वी, तेराव्याला तुला बोलत होते तेव्हाच तो मला आठवत होता. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हाही. त्या दिवसाची डायरी दोन पानं भरून आहे आणि त्यात हा फोन कुठेही नाही. म्हणून हे पत्र. रविवारी ठकुबाईंचा महिना आहे, तीच माणसं जमतील. मी राहीबाईंसमोर उभी राहून हे सगळं सांगणार आहे, फोनसकट. न पुसलेली मूळ फाइल तुझ्याकडेच आहे. दिलीस तर दाण्यांसकट छापून नेईन, नाही दिलीस तरी जाईन. ऐनवेळी माझी जीभ वळली नाही, तर हे पत्र तू मोठ्याने वाचून दाखव. शेवटचा परिच्छेद आधी वाच.

तुझीच,
मृणालीताई