रघूला संघात घ्यायचं का, सदूभाऊ?

प्रिय सदूभाऊ,

तुला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. तळवड्याहून तू सायकल मारलीस की आमच्या घरात चहा उकळायच्या आत पिंपळे गुरवला दारात हजर! पत्र कुणी आणि कशाला लिहायचं? मधल्या दोन वर्षांत आपलं बोलणं नव्हतं. म्हणजे मीच बोलत नव्हतो. तेव्हाही कागदाला हात लावला नाही. आता तू गेलास त्याला महिना होऊन गेला, आणि आज सुट्टीच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली मी हे लिहीत बसलोय. तू असतास तर म्हणाला असतास, "लेका, परीक्षेत एवढं लिहिलं असतंस तर!"

काल रघू येऊन गेला. हो, तोच रघू. ज्याला संघात घ्यायचं की नाही यावरून मी भर बैठकीत तुझ्या अंगावर बनियन फेकला, संघ सोडला, आणि त्याच झटक्यात कॉलेजही सोडलं. त्यानं मला एक गोष्ट सांगितली. ती तू सांगायला हवी होतीस, सदूभाऊ. की मीच ऐकायला थांबायला हवं होतं?

चाकणच्या जत्रेतला तो हुतूतूचा सामना आठवतो? रघू तेव्हा नदीपलीकडच्या कॉलेजचा आणि मूळचा चाकणचा, त्यामुळे गाव सगळं त्याच्या बाजूनं. काय चढाई करायचा! त्याचा दम घुमायला लागला की आपले गडी आपोआप मागं सरकायचे. शेवटच्या चढाईत मी डाव्या कोपऱ्यातून झेप टाकून त्याचा घोटा धरला. असा धरला होता की मारुतीच्यानं सुटला नसता. तेवढ्यात बायकांच्या बैलगाडीवरून एक पोरगी ओरडली, "अरे मुडद्या, सोड की पाय!"

आणि मी सोडला.

का सोडला ते देवाला ठाऊक! वर बघितलं तर गाडीच्या साटीवर उभी, पदर खोचलेला, आणि डोळ्यांत नुसता जाळ. तोवर रघू रेघ ओलांडून पार. सामना गेला. परतीच्या वाटेवर सायकली हाणत तुम्ही सगळ्यांनी माझं काय केलंत! महिपत म्हणाला, "राव, ह्याला पाय धरायला उभा केला, तर हा हात मागायला लागला!" तू तर हसता हसता सायकलसकट बांधावर गेलास.

ती रघूची बहीण. शालन. तिचं नावसुद्धा तूच काढून आणलंस.

मग पिंपरी कॅम्पातल्या त्या सिंधी काकाच्या हॉटेलात, तुझ्या बशीतला चहा पीत, मी तुला मनातलं सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस. एरवी कुणाचं पुरतं बोलणं ऐकून घेईल तो तू नव्हेस, पण त्या दिवशी घेतलंस. आणि मग गंभीर तोंड करून म्हणालास, "वसंता, पोरगी चांगली हाय. पन तिचा भाऊ आपल्याविरुद्ध खेळतोय तवरच तुझं नशीब. उद्या तो आपल्या संघात आला, तर संपलं बघ. गावची लेक ती आपली बहीन, तशी गड्याची बहीन ती आपली बहीन."

थट्टा होती ना ती? मग थट्टा म्हणून सांगायची की नाही! तू असल्या थट्टेला कधी रेघच आखली नाहीस. हुतूतूच्या मैदानाला तेवढी चुन्याची फक्की मारायचास, चारी बाजूंनी, दोरी लावून. बोलण्याला मात्र हद्द म्हणून नाही! आणि माझ्यासारख्यानं ती खरी मानली यात नवल काय? आमच्या गावात गावच्या मुलीकडे नजर वर करून बघितली तर पाठीचं सालटं निघतं. संघ म्हणजे गावच असतं, हे तूच शिकवलेलं. मग गड्याची बहीण बहीण का नसेल?

आणि पुढच्या जूनमध्ये रघू आलाच. त्याच्या वडलांना पिंपरीतल्या औषधाच्या नव्या कारखान्यात फाटकावर नोकरी लागली. बिऱ्हाड चाकणहून इकडं आलं, आणि रघूनं आपल्या कॉलेजात नाव घातलं. जिमखान्यामागच्या चिंचेखाली तू सगळ्यांना बसवलंस आणि म्हणालास, "रघू म्हनतोय, मला घ्या. बोला, घ्यायचा का?"

सदूभाऊ, मला अजून राग येतो तो याचा. तू कप्तान होतास. घ्यायचा तर घ्यायचा, नाही तर नाही! आम्हाला कशाला विचारलंस? तूच ठरवलं असतंस तर मी कुरकुरलो असतो, चार दिवस अन्न गोड लागलं नसतं, पण बनियन फेकला नसता.

तू विचारलंस, आणि मग मी बोलत सुटलो. आधी म्हणालो, "जो त्यांना सोडून आला, तो उद्या आपल्याला सोडून जाईल." माना हलल्या. मग म्हणालो, "आणि ह्याला घेतला तर बाहेर कोण बसणार? आपला बाळूच ना? चढाईला तोच कच्चा. तीन वर्षं तुझ्या सायकलीच्या दांडीवर बसून सरावाला येतोय, त्याला सांगा, जा घरी, तुझ्यापेक्षा चांगला मिळाला!" बाळू खाली बघून गवत उपटत होता. मला वाटलं, जिंकलं आपण.

ते सगळं खोटं नव्हतं, बरं का. बाळूचा प्रश्न खरा होता. आजही मला वाटतं, घामाला काही मोल असावं की नाही? पण रघूचं जुन्या संघात का बिनसलं, हे मी एका शब्दानं विचारलं नाही. आई अंथरुणाला खिळली म्हणून तो सरावाला जाऊ शकला नव्हता, आणि तिथल्या गड्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून फटकारलं होतं. हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला भेटून आला होतास.

आणि मग तू तोंड उघडलंस. मिशीतल्या मिशीत हसत म्हणालास, "वसंताला बाळूची काळजी हाय व्हय? का राखी बांधून घ्यायचं भ्या वाटतंय?"

सगळी चिंच हसली. गवत उपटणारा बाळूसुद्धा हसला!

मग माझं डोकं ते माझं राहिलं नाही. बनियन काढून तुझ्या तोंडावर... नाही, छातीवर फेकला, खोटं कशाला बोलू. "ठेव तुझा संघ आणि ठेव तुझा रघू" असं काहीतरी ओरडलो आणि उघड्या अंगानं स्टेशनपर्यंत गेलो. मागून तू हाक मारत होतास, "वसंता, आरं थांब, पुरतं ऐकून तर घे!" मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वडलांनी महिनाभर वाट बघितली आणि चिंचवडच्या एका वर्कशॉपात लेथवर हाताखाली लावून दिलं.

काल रघूनं मला त्या बैठकीचा राहिलेला भाग सांगितला. मी कॉलेजच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत तू उभा होतास म्हणे. मग खाली बसलास आणि म्हणालास, "मला येवढंच सांगायचं हुतं. रघू माझ्या जागी खेळंल. बाळू कुटं जात न्हाई. मी बाहेरून संघ बघतो."

सदूभाऊ! एवढंच राहिलं होतं?

तुझं शेवटचं वर्ष होतं ते. चषकाशिवाय कॉलेजातून बाहेर पडणार नाही असं तू आम्हाला शेंगा खाता खाता किती वेळा सांगितलं होतंस. आणि आपली जागा अशी सोडून दिलीस, जशी आपल्या पानातली पोळी दुसऱ्याला वाढावी! आणि ते सांगायच्या आधी थट्टा केलीस. आधी सांगितलं असतंस, मग केली असतीस थट्टा! तुझाही क्रम चुकलाच की नाही?

बरं, पुढं काय झालं? मी गेलो, डावा कोपरा उघडा पडला. तिथं उभं राहायची कुणालाच सवय नव्हती, म्हणून तुलाच उभं राहावं लागलं. चढाई करणारा माणूस तू! कोपऱ्यात उभा केलेला तू म्हणजे बैलाला झाडावर चढवल्यासारखं. रघू सांगत होता, उपांत्य सामन्यात समोरच्यांनी ते ओळखलं आणि दर चढाईला डाव्या कोपऱ्यातच शिरले. रघूनं गडी मारून आणायचे आणि इकडं तुझ्या हातून सुटायचे. हरलात. गाडीत बाळूला म्हणालास, "वसंता आसता तर आज पेढं खाल्लं आस्तं."

आणि मला वाटत होतं, माझ्यावाचून तुमचं छान चाललंय.

त्या सामन्याआधी एकदा तू वर्कशॉपवर आला होतास. आठवतंय ना? पावसाळा संपला होता. फाटकावरचा म्हातारा आत येऊन सांगायला लागला, "कोण तळवड्याचा सायकलवाला आलाय, वसंताला बोलवा म्हणतोय." मशीन बंदच होतं तेव्हा. पट्टा तुटला होता आणि आम्ही विड्या ओढत बसलो होतो. तरी मी म्हणालो, "सांगा, मशीन चालू हाय." म्हातारा गेला आणि जरा वेळानं परत आला. "गेला बाबा. म्हणाला, वसंताला सांगा, कोपरा रिकामा हाय."

हे मला तेव्हाच कळलं होतं. काल रघूनं सांगायची गरज नव्हती. कळलं होतं आणि तरी मी गेलो नाही. पुढच्या रविवारी जाऊ, मग दिवाळीला जाऊ, मग संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाऊ... असं करता करता दुसरंही वर्ष सरलं, आणि मग बाळू येऊन म्हणाला, "सदूभाऊला कावीळ झालीया, डोळं हळदीवानी दिसत्यात," तेव्हा म्हणालो, काविळीनं कुणी मरतं का! उतारा पडेल, उसाचा रस पिऊन आठवड्यात उठेल. तू उठला नाहीस. तुला नेलं तेव्हा मी ओढ्याच्या अलीकडे उभा होतो. खांदा द्यायला पुढं झालो नाही. कुठल्या तोंडानं होणार?

शालनचं लग्न झालं. तिकडं मंचरला दिली. रघू निमंत्रण द्यायला आला होता तेव्हा मी घरात असून आईकरवी नाही म्हणून सांगितलं. आयुष्यात ती माझ्याशी एकच वाक्य बोलली, तेही शिवी घालून, आणि मी त्यावर दोन वर्षं जगलो! काल धीर करून रघूला ते बहिणीचं विचारलं. गडी पोट धरून हसला. "वेडा का काय तू? महिपतनं बाळूची चुलत बहीण केली की! सदूभाऊनंच सोयरीक जुळवली, वरातीत नाचला सुद्धा." मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "आमच्या आबांना तू आवडला होतास. म्हणायचे, पोरगं तापट हाय, पण पाय सोडला तेव्हाच वळखलं. फकस्त कॉलेज पुरं करू द्या."

मी पाणी विचारलं त्याला. तो नको म्हणाला.

आता तो कशासाठी आला होता ते सांगतो. येत्या रविवारी तुमच्या तळवड्याच्या जत्रेत आपली जुनी मंडळी तुझ्या नावानं सामना खेळणार आहेत. एक गडी कमी पडतोय. रघू म्हणाला, वसंताला घेऊ. तर महिपत म्हणाला, "जो एकदा उठून गेला, तो पुन्हा उठून जाईल." दोघं-तिघं त्याच्या बाजूचे आहेत. शनिवारी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून ठरवणार आहेत, वसंताला घ्यायचा का.

ऐकलं आणि माझे कान तापले. म्हणालो, "मला कशाला घ्या न् कशाला नको! मी येतच नाही म्हणून सांग." रघू काही चिडला नाही. चपला घालता घालता म्हणाला, "माझं ठरवत होते तेव्हा मी चिंचेच्या पलीकडंच उभा होतो, वसंता. तू काय काय बोललास, सगळं ऐकलंय. लई वाईट वाटलं. पण उभा राहिलो." आणि गेला.

सदूभाऊ, ती बैठक तू नसताना व्हायची आहे. तू असतास तर एक थट्टा करून मोकळा झाला असतास आणि मी पुन्हा भडकलो असतो. आता थट्टाही नाही.

तर माझा शब्द ऐक. शनिवारी मी तळवड्याला येतो. ओट्यावर सगळ्यांसमोर बसतो. महिपत बोलेल, बाकीचे बोलतील, माझं जे जे काढायचं ते काढतील. खरंच काढतील. मी मध्ये तोंड घालणार नाही. कान तापतील, तापू देत. हो म्हणाले तर उभा राहीन. नको म्हणाले तर रविवारी पहाटे फक्कीचं घमेलं घेऊन मैदानाच्या चारी रेघा मी आखीन, दोरी लावून, तुला चालल्या असत्या अशा. पण सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ओट्यावरून उठणार नाही.

तुझा,
वसंता