स्वतंत्र सदस्य

१२ जून
खुर्ची वर-खाली करून बघत होतो, तेवढ्यात तपासणी अधिकारी बाई आत आल्या. त्यांनी हसू दाबलं. कालपर्यंत फर्निचरचं दुकान, आजपासून नियामक मंडळ. फायनान्स कंपन्या आता माझ्या नजरेखाली. साडू मंत्री आहेत म्हणून वर्णी लागली, असं लोक म्हणणारच. म्हणून संकल्प : कुणाचंही ऐकायचं नाही.

१९ जून
बाईंनी एका कंपनीची फाईल दिली. लोकांच्या ठेवी संचालकांनी आपल्याच धंद्यांत घातल्यात म्हणे. नव्या ठेवी थांबवायला फक्त माझी सही राहिलीय. अभ्यासाला वेळ मागितला. बाई म्हणाल्या, चारच पानं आहेत. सुधारणा घाईने होत नसतात, हे त्यांना समजावून सांगितलं.

२० जून
साडूंचा फोन. घाई नको म्हणाले. माझं मत आधीपासून तेच होतं. त्यामुळे दबावाचा प्रश्नच येत नाही.

२ जुलै
सासऱ्यांचे निवृत्तीचे सगळे पैसे त्याच कंपनीत. बाहेर कुजबुज आहे, काढून घेऊ का, हिने विचारलं. पदावरच्या माणसाला घरात असं काही बोलता येत नाही, मी म्हणालो. ही म्हणाली, ताईच्या यजमानांनी तर आपले गेल्याच आठवड्यात काढले.
असेल काही गरज. दुसऱ्याच्या व्यवहारात मी नाक खुपसत नाही.
फाईल वाचायची राहिली. उद्या नक्की.

९ जुलै
सासरे जेवायला होते. जावई तिथे बसलाय म्हटल्यावर मला कसली काळजी, असं शेजाऱ्यांना सांगतात म्हणे. मी आणखी थोडं वाढून घेतलं.

१६ जुलै
कंपनीला कुलूप. संचालक फोन उचलत नाहीत. बाई फाईल परत घेऊन गेल्या.
संध्याकाळी सासरे आले. पाणीही घेतलं नाही.
"जावईबापू, तुम्हाला माहीत होतं?"
"नाही. मी फाईल वाचलीच नव्हती."
खरं तेच सांगितलं.
"बरं," ते म्हणाले आणि उठले. ही त्यांना सोडायला खालपर्यंत गेली. बराच वेळ वर आली नाही.
मंडळाच्या उत्तरदायित्वावर एक टिपण लिहायला घेणार आहे.

१७ जुलै
सकाळी ही वडिलांबरोबर कंपनीच्या दारातल्या रांगेत उभी राहायला गेली. ड्रायव्हर गाडी त्याच रस्त्याने नेत होता. लांबून घ्यायला सांगितलं. ऑफिसला वेळेत पोहोचलो.