सुरुवातीचं वजन

सोमवार, ६ जुलै. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यापुरती. विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला आलोय. वेटलिफ्टिंग, पुरुष, सगळ्यात वरचा गट, म्हणजे १०९ किलोच्या पुढचे सगळे. आमच्या अख्ख्या टीममधून या गटात मी एकटा. मेडलच्या धांदलीत तपशील विसरायला नकोत, म्हणून लिहून ठेवतोय.
संकल्प: मोबाइल बंद. आठ तास झोप. कुणाशी फालतू बोलायचं नाही.

दुपारी २.
यादी लागली. तेरा जणांत मी बारावा. अर्थात कागदावर. आम्हा काही जणांना सकाळच्या गटात टाकलंय. कोच सर म्हणाले, कमी उचलणारे सकाळी, बाकीचे संध्याकाळी. मला नाही पटत. सकाळी अंग ताजं असतं, हे आयोजकांना कळत असणार.
मोबाइल फक्त ताईसाठी चालू केला. दीड तास.

मंगळवार, ७ जुलै. दुपारी १२.
सरावाच्या हॉलमध्ये एक डोंगर पाहिला. एकशे साठ किलोचा माणूस. १७० उचलून जांभई दिली. ताकद आहे, पण तंत्र नाही. माझ्याकडे बघून हसला आणि बसायला स्वतःचा बाक दिला. घाबरलाय बहुतेक.
माझं स्नॅच: मार्चमध्ये एकदा १४०. जमिनीवरून थेट डोक्यावर, एका दमात. सर म्हणतात गुडघा टेकला होता. मला आठवत नाही.

बुधवार, ८ जुलै. सकाळी ८.
घोळ. वजन १०८.४. १०९ च्या वर नसेन तर या गटात खेळताच येणार नाही. बाकी गटांतली पोरं वजन उतरवायला उपाशी, आणि मी कोपऱ्यात बसून सातवं केळं. आठवं सोललं. टेन्शन नव्हे. सकाळी भूक लागतेच.

संध्याकाळी ५.
सरांनी शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, स्नॅच १३० ने सुरू कर. तीन संधी असतात, पहिली सोपी ठेव. नंबर कितवा का येईना. मग उगाच माझ्या बुटाची नाडी ओढून बघत म्हणाले, ‘एकतीस तारखेला मी रिटायर होतोय. इतकी वर्षं पोरं घडवली, पण एवढ्या मोठ्या स्पर्धेच्या निकालात एकाच्याही नावापुढे आकडा आला नाही. कायम रेघ. तेवढा आकडा येऊ दे, बाबा.’
हो म्हणालो. बिचारे फार लहान विचार करतात.

गुरुवार, ९ जुलै. सकाळी ७.४०.
वजन झालं. आधी १०८.७. अडीच छोट्या बाटल्या पाणी पिऊन १०९.९. चालताना आतून आवाज येतो.
आत एकेकालाच सोडतात, सर बाहेर होते. सुरुवातीचं वजन, म्हणजे पहिल्या संधीला किती उचलणार ते, कार्डावर आपणच लिहून सही करायची. माझ्या पुढच्याचं कार्ड टेबलावरच होतं, त्याने १४५ लिहिलं होतं. त्याच्यामागून १३० लिहायला हात होईना. १४२ लिहिलं. सरांना सरप्राइज.
ताईचा फोन. आई विचारतेय, ते तुझ्या अंगावर पडणार नाही ना? ऑनलाइन बघणार आहेत दोघी. म्हटलं, चष्मा पुसून ठेव म्हणावं.

सकाळी १०.३०. बाकावर.
क्रमाने लिहितो.
बारवर १३० लागलं, माझं नाव पुकारलं नाही. सर धावत टेबलाकडे गेले. कार्ड बघेपर्यंत बार १४१ वर पोचला होता. बार एकदा चढला की मागे उतरवत नाहीत. सर परत आले. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, ‘आता १४२ तर १४२. मान वर ठेव.’
पहिली संधी: कपाळापर्यंत. पोटातलं पाणी.
दुसरी: मागे पडला. एक पंच खोकला.
तिसरी: गेला. डोक्यावर गेला! हात सरळ. उभा राहिलो. आयुष्यात इतकं हलकं काही वाटलं नव्हतं. समोर कॅमेरा. आई बघत असेल. बार सोडला आणि दोन्ही मुठी वर केल्या.
तिन्ही दिवे लाल.
पंचांचा सोडायचा आवाज झाल्याशिवाय बार सोडायचा नसतो. मला ऐकू आला होता.
नाही. आला नव्हता.
दोन प्रकारांची बेरीज धरतात; स्नॅचमध्ये काहीच नाही म्हणजे एकूणही काहीच नाही, नावापुढे रेघ. आत आलो तेव्हा सर खाली बघून टेप गुंडाळत होते. ‘हातात होतं रे,’ म्हणाले. गुंडाळलेली टेप सोडून पुन्हा गुंडाळायला लागले.

दुपारी ४.
ताईचा फोन. तीन लाल दिवे म्हणजे पास ना, असं आई विचारतेय. तू बार डोक्यावर धरलेला तिने स्वतः बघितलाय, सगळ्यांना सांगत सुटलीय. मी म्हटलं, हो, धरला होता. ताई फक्त म्हणाली, जेवून घे.
निकाल लागलाय म्हणे. बघायला गेलो नाही. पाय दुखतायत.

शुक्रवार, १० जुलै. सकाळी ११.
संकल्प एकच: सरांना कार्डाबद्दल आपल्या तोंडाने सांगायचं, माफी मागायची. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं.
सर मॅनेजरच्या खोलीत फॉर्म भरत होते. निकाल का नाही, त्याचं कारण विद्यापीठाला लेखी द्यावं लागतं. मी ‘सर’ म्हणालो. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. लिहिलं होतं: सुरुवातीचं वजन प्रशिक्षकाने चुकीचं ठरवलं. खेळाडूचा दोष नाही.
म्हणाले, ‘माझं काय जातंय आता? तुझी अजून दोन वर्षं आहेत. नवीन सरांना त्रास देऊ नकोस.’
बोलायला तोंड उघडलं होतं. नक्की उघडलं होतं.
खाली खेळाडूच्या सहीची जागा होती. केली.