जिभेवरची वाळू

प्रिय छोट्या,

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला छोट्या म्हणायचं नाही, असं तुझ्या बायकोने मला बजावलंय. म्हणून पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय. आत मी काय म्हणते ते तिला कशाला कळतंय!

सध्या एका पांढऱ्या पावडरीने माझ्या नाकी नऊ आणलेत. तुझ्या रसाच्या कारखान्यात असते तीच, पाण्यात न विरघळणारी. तुम्ही ती रसात घालता, गढूळपणा आणणारं सगळं तिला चिकटतं आणि मग तुम्ही तिला गाळून टाकता. आम्ही ती गोळीत घालतो. पाणी लागलं की ती फुगते आणि गोळी आतून फोडते. कंपवाताच्या ज्या माणसांना गिळता येत नाही, त्यांच्यासाठी जिभेवर ठेवताच फुटणारी गोळी करायचं काम निघालं, तेव्हा मी ते मागून घेतलं. का, ते कंपनीत कुणाला बोलले नाही. आप्पा गोळ्या गालात धरून ठेवतात आणि नंतर उशीखाली सापडतात, हे तुला माहीत आहेच. औषध चुकलं की त्यांचे पाय जमिनीला खिळतात.

तर, पावडरीचा दाणा जाड घेतला की गोळी चटकन फुटते, पण तोंडात कचकचते. बारीक घेतला की मऊ लागते, पण फुटायला वेळ लावते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी जाड दाणा निवडला. भांड्यातल्या कोमट पाण्यात गोळी बघता बघता फुटली आणि साहेबांनी पाठ थोपटली. मी फुशारकीने औषध न घातलेले नमुने घरी आणले. आप्पांनी एक तोंडात घेतली, बराच वेळ घोळवली आणि टॉवेलात थुंकून टाकली. म्हणाले, आयुष्यभर गवंडीकाम केलं, वाळू चाळली; ती खायची वेळ लेकीने आणली! आमच्या भांड्यात पाणीच पाणी, आणि आप्पांच्या तोंडाला कोरड. ही साधी गोष्ट इतकी वर्षं गोळ्या करून माझ्या डोक्यात आली नव्हती.

मग तुला फोन केला. तुमच्याकडेही दाणा जितका बारीक तितका गढूळपणा जास्त धरतो, पण फार बारीक झाला की गाळणी तुंबते, म्हणून मधला बघून घ्यावा लागतो, एवढं सांगून तू ट्रक आला म्हणून पळालास. मीही बारीक दाण्याकडे झुकले आणि तरी गोळी चटकन फुटावी म्हणून पावडर थोडी वाढवली, गोळीवर यंत्राचा दाब कमी केला. आमच्याकडे चव बघायला सगळे बेसिनपाशी रांगेत उभे राहतात, तोंडात धरतात, थुंकतात, चूळ भरतात. हिशेब खात्यातल्या कुरकुऱ्या गृहस्थांनी यावेळी दुसरी मागून घेतली. घरी आप्पांनी ती तोंडात घेतली आणि थोड्या वेळाने लहान मुलासारखी स्वच्छ जीभ काढून दाखवली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले रे.

पण औषध घालून, सगळ्या तपासण्या होऊन ती दुकानात यायला दोन वर्षं तरी जातील. आप्पांचा घसा तोवर थांबायला तयार नाही. आता पाण्यानेही ठसका लागतो, म्हणून प्यायच्या प्रत्येक गोष्टीत घट्ट करणारी भुकटी कालवावी लागते. तू पाठवलेली सफरचंदाच्या रसाची बाटली त्यांनी खिडकीशी धरून किती वेळ आरपार पाहिली. शेजाऱ्यांना बोलावून दाखवली, हे आमच्या मुलाचं काम म्हणून. त्यानंतर मला त्यात भुकटी घालावी लागली आणि त्याची खळ झाली. त्यांनी चमच्याने मुकाट खाल्ली. आप्पा आणि मुकाट! मला भीती वाटली.

डॉक्टर म्हणतात, पुढच्या महिन्यात पोटात नळी बसवायची. मग तोंडाने काही द्यायचं नाही. आप्पा लगेच हो म्हणाले. फक्त तुला कळवायचं नाही, हंगाम सोडून धावत येशील, अशी मला शपथ घातली. फोनवर बोलताना ते शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र. नळी बसायच्या आत ये. मऊसं काही अजून थोडं खातात, पण माझ्या हातून खाताना भांडतात. तू भरवलंस तर दोन घास जास्त जातील. मी कळवलं असं सांगू नकोस, सहज आलो म्हण. त्यांना खोटं लगेच कळेल, पण यावेळी ते धरून बसणार नाहीत.

शपथ मोडलेली तुझीच,
ताई