आत्या स्वयंपाक करणार नाही

३ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

एक बातमी देते, आधी खाली बस. यंदा सुट्टीतल्या जेवणाला मी चुलीजवळ फिरकणार नाही. तुझी आजी गेल्यापासून हे जेवण मीच रांधत आले आणि एकदाही सगळ्यांबरोबर टेबलाशी बसले नाही. यंदा बसणार. गुडघाही कुरकुर करतो आहे.

तुझ्या बाबांना दवाखान्यात जाऊन सांगितलं तर त्यांनी आधी माझी नाडी धरली. दातांच्या डॉक्टरला नाडीतलं काय कळतं कोण जाणे. काका बस आगारात लावून आला, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जेवायचं काय, एवढंच विचारलं. आजोबा पेपरातून डोकं वर न काढता बरं म्हणाले.

तू दिवसभर इमारतींचे नकाशे काढतेस, तर आता याही कामाचा आराखडा कर. कोणी काय करायचं ते तूच ठरव. माझ्यावर आहे तेवढाच जीव तुझ्या बाबांवरही ठेव, त्यांना सोपं काहीतरी दे.

तुझी,
आत्या

९ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न.

आराखडा तयार आहे. मासा बाबांकडे, काटे काढण्यात त्यांचा हात कोण धरणार? कोंबडीचा रस्सा काकाकडे. त्याने आगारातल्या सगळ्या ड्रायव्हरांना कृती विचारली, आणि आता त्याच्याकडे रस्से इतके झाले आहेत की त्याची झोप उडाली आहे. भात आणि सफरचंदाचा केक माझ्याकडे. आजोबांनी फक्त जेवायचं.

पण आत्या, तो गुडघा मला पटलेला नाही. तू एकशेचार तापात भाकरी थापणारी बाई. खरं काय ते मला एकटीला कळव. मी कोणाजवळ बोलणार नाही, केकची शपथ.

तुझ्या रागालाही लाडच समजणारी,
चिमणी

१४ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तू लहानपणापासूनच चोंबडी. ऐक तर मग. बोटी बांधायच्या कारखान्यात नवं उपाहारगृह निघतं आहे आणि ते चालवायला मला बोलावलं आहे. राहायला खोली देतात, खिडकीतून पाणी दिसतं. मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

मी गेले तर मागे या घरात फक्त आजोबा आणि काका. एकाला चहा उतू गेलेला कळत नाही, दुसऱ्याला कळतो पण तो उठत नाही. म्हणून ठरवलं, एकदा हात बांधून बसायचं आणि यांचं कसं होतं ते पाहायचं. उपाशी राहिले तर मी जात नाही. खरं सांगू का, त्यांनी निभावून न्यावं असं वाटतं, आणि त्यांचं थोडं बिघडावं असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं. हसू नकोस.

पोटात ठेवशील या भरवशावर,
आत्या

३० डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न.

पोचले. गाडीत केकचा उरलेला तुकडा शेजारच्या बाईंना दिला. त्यांनी आभार मानून तो पर्समध्ये ठेवला, यावरून काय ते समज.

जेवणाच्या दिवशी तुला आम्ही बाहेर बसवलं होतं, म्हणून आतलं नाटक तुला ठाऊक नाही. बाबांनी मासा साफ केला तो चिमट्याने, डोक्याला दिवा बांधून. काकाने दोन कृती एकात घातल्या, मीठही दोनदा पडलं, म्हणून मी बटाटे टाकले. माशाची एक बाजू करपली ती खाली घालून वाढली. तू ते ओळखलंस आणि तरी मागून घेतलंस, हे मी पाहिलं.

आता मुख्य गोष्ट. भाताचं तू माझं कौतुक केलंस, तेव्हा मी मान खाली घातली. तो भात माझा नव्हता, आजोबांचा होता. मी तांदूळ धुवायला घेतले तर त्यांनी पातेलं माझ्या हातून काढून घेतलं. तू बाजारात गेलीस की ते कित्येक दिवसांपासून भात शिजवून पाहत होते, बिघडलेला मागच्या कोंबड्यांना घालत होते. कारखान्यातला माणूस पहिल्यांदा आला तेव्हा तू घरी नव्हतीस. आजोबांनीच त्याला बसवून घेतलं होतं. त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत आहे.

आत्याला सांगू का, असं मी त्यांना विचारलं. त्यावर ते म्हणाले, “सांगू नकोस. नाहीतर ती मला शिकवायला थांबेल.”

मी सांगितलं. त्यांचा राग मी सोसेन, तुझा जीव माझ्यावर राहू दे म्हणजे झालं.

चिमणी

५ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र मागच्या दारी उभं राहून वाचलं. आजोबांना काही बोलले नाही. दुपारी मुद्दाम पिशवी घेऊन बाहेर पडले आणि वळसा घालून खिडकीशी आले. पातेल्यावर ताट तिरकं झाकून ते समोर स्टूलवर बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. पाणी जास्त झालं होतं, मला बाहेरून दिसत होतं. जीभ चावून धरली.

परत आले तेव्हा त्यांनी दोन ताटं घेतली होती. भात मऊ पडला होता. मी पोटभर जेवले आणि त्यांना म्हटलं, “सोमवारी निघते मी.”

ते बरं म्हणाले, आणि मला आणखी वाढायला उठले.

तुझी,
आत्या